लेखन सुधारते ते दुसऱ्या खर्ड्यात

लेखन कसे शिकवावे आणि स्वतःचे लेखन कसे सुधारावे, याविषयी आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रांना या वेळी उत्तरे दिली आहेत. काही पत्रे शाळांतून आली आहेत, काही कार्यालयांतून. ती मुद्दाम एकत्र ठेवली आहेत, कारण आठवीच्या वहीत जे दुखणे दिसते तेच पुढे वीस वर्षांनी अहवालात दिसते. पत्रलेखकांची नावे गाळली असून प्रश्न थोडक्यात दिले आहेत.

प्रश्न : मी माध्यमिक शाळेत भाषा शिकवते. वर्गात ५२ मुले आहेत. दर पंधरवड्याला एक निबंध घेते, रात्री जागून प्रत्येक चूक लाल शाईने दुरुस्त करते, गुण देते आणि खाली शेराही लिहिते. तरीही पुढच्या निबंधात त्याच चुका, तीच वाक्ये आणि तोच निर्जीवपणा असतो. माझे कुठे चुकते आहे?

तुमच्या कष्टांत काही उणे नाही. ते चुकीच्या वेळी खर्च होत आहेत, एवढेच. वही तुमच्या हाती येते तेव्हा मुलाच्या लेखी तो निबंध संपलेला असतो. त्यावर लाल शाईने केलेली प्रत्येक दुरुस्ती ही संपलेल्या कामावरची दुरुस्ती असते, आणि संपलेल्या कामाकडे कोणीही, आपण मोठी माणसेसुद्धा, परत वळून पाहत नाही. मूल वही उघडते, गुण पाहते, शेजाऱ्याचे गुण पाहते आणि वही मिटते. रूथ बटलर या संशोधिकेने १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात मुलांचे तीन गट होते : एका गटाला केवळ गुण दिले, दुसऱ्याला केवळ लेखी अभिप्राय दिला आणि तिसऱ्याला दोन्ही दिले. केवळ अभिप्राय मिळालेल्या मुलांचे पुढचे काम सुधारले; ज्यांना गुण आणि अभिप्राय दोन्ही मिळाले, त्यांची स्थिती मात्र केवळ गुण मिळालेल्यांसारखीच राहिली. तो प्रयोग निबंधांवर झालेला नव्हता, पण गुण दिसताच शेरा नजरेआड होतो हा अनुभव निबंध तपासणाऱ्या कोणाही शिक्षकाला नवा नाही.

म्हणून माझी पहिली सूचना अशी की, महिन्यात दोन निबंध घेण्याऐवजी एकच निबंध घ्यावा, पण तो दोनदा लिहून घ्यावा. पहिल्या खर्ड्यावर गुण देऊ नयेत आणि चुकाही दुरुस्त करू नयेत. समासात एकच प्रश्न लिहावा, आणि तो खरोखर पडलेला प्रश्न असावा. ‘वर्णन अधिक हवे’ हा प्रश्न नव्हे, तो शेरा झाला, आणि त्याचे काय करायचे हे मुलाला कळत नाही. एक उदाहरण देतो. सातवीतल्या एका मुलाने लिहिले होते :

‘माझी आजी खूप प्रेमळ आहे. ती मला खूप आवडते. ती सकाळी लवकर उठते. ती आम्हाला रोज रात्री गोष्ट सांगते. ती खूप कष्ट करते. अशी माझी आजी मला खूप आवडते.’

यात व्याकरणाची एकही चूक नाही, आणि ही आजी कोणाचीही असू शकते. समासात प्रश्न लिहिला : ‘आजी कोणती गोष्ट सांगते?’ दुसरा खर्डा असा आला :

‘आजी रोज रात्री एकच गोष्ट सांगते. पण गोष्टीचा शेवट दर वेळी वेगळा असतो, कारण तो तिला आठवत नाही. पूर्वी मी तिला सांगायचो की, आजी, चुकलं. आता मी सांगत नाही. मी विचारतो, मग पुढे काय झालं?’

हे लिहायला त्या मुलाला कोणी उपमा-अलंकार शिकवले नव्हते. जे लिहिण्याजोगे होते ते त्याच्यापाशी आधीपासून होते. ते निबंधात चालते, हे त्याला ठाऊक नव्हते. ‘निबंधात काय चालते’ याची एक चौकट मुलांच्या मनात फार लवकर तयार होते, आणि ती चौकट आपल्या तपासण्यानेच तयार झालेली असते.

वेळेचा हिशेब करून पाहावा. प्रत्येक निबंध बारकाईने तपासण्यास दहा मिनिटे धरली, तर ५२ निबंधांना साडेआठ तासांहून अधिक वेळ जातो. पहिला खर्डा वाचून एक प्रश्न लिहिण्यास तीन मिनिटे पुरतात, म्हणजे सगळा वर्ग सुमारे अडीच तासांत होतो. उरलेला वेळ दुसऱ्या खर्ड्यासाठी राहतो, आणि तो तपासताना तुम्हाला वाचण्यासारखे काही हाती लागते.

मात्र ‘पुन्हा लिहा’ असे नुसते सांगितले, तर मुले तोच मजकूर चांगल्या अक्षरात उतरवून आणतात. नॅन्सी सॉमर्स यांनी १९८० मध्ये विद्यार्थी आणि मुरलेले लेखक पुनर्लेखन कसे करतात याची तुलना मांडली होती. विद्यार्थी शब्द बदलत होते, एखादा शब्द दोनदा आला तर तो खोडत होते. मुरलेले लेखक आपल्याला नेमके काय म्हणायचे आहे हे शोधत होते आणि त्यासाठी परिच्छेदच्या परिच्छेद हलवत होते. मुलांना हा फरक सांगून कळत नाही, तो दाखवावा लागतो. त्यासाठी फळ्यावर स्वतः लिहावे, आणि खाडाखोड करत लिहावे. ‘हे वाक्य इथे नको, कारण अजून मी घराबद्दल बोललेलेच नाही’ असे मोठ्याने बोलत ते वाक्य खोडावे. शिक्षकाचे लेखन मुलांना नेहमी पूर्ण झालेलेच दिसते; त्यामुळे ज्यांना खोडावे लागते ते कच्चे, असा त्यांचा समज होतो. १९७४ मध्ये जेम्स ग्रे यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील परिसरात शिक्षकांसाठी जो लेखन प्रकल्प सुरू केला, त्याचे एक मुख्य तत्त्व हेच होते की, लेखन शिकवणाऱ्याने स्वतः लिहिले पाहिजे. तो प्रकल्प पुढे देशभर पसरला, यात मला नवल वाटत नाही.

आता निर्जीवपणाविषयी. जेम्स ब्रिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमधील माध्यमिक शाळांतल्या विद्यार्थ्यांचे सुमारे दोन हजार लेख अभ्यासून १९७५ मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांपैकी जवळपास निम्मे लेखन केवळ परीक्षक म्हणून वाचणाऱ्या शिक्षकासाठी होते. ज्याला विषय आधीच ठाऊक आहे आणि जो चुका शोधण्यासाठीच वाचणार आहे, त्याच्यासाठी जिवंतपणे लिहिणे कोणालाही अवघडच जाईल. तेव्हा अधूनमधून वाचक बदलावा. कागदाची होडी कशी करावी याची कृती प्रत्येक मुलाने लिहावी, वह्यांची अदलाबदल करावी आणि शेजाऱ्याने कागद घेऊन फक्त लिहिले आहे तेवढेच करावे, बोलणे बंद. ‘मग कागद दुमडा’ या वाक्याशी शेजारी अडतो : उभा दुमडायचा की आडवा? लिहिणारा अस्वस्थ होऊन खुणा करू लागतो. त्या पाच मिनिटांत ‘स्पष्ट लिहा’ या उपदेशाचा अर्थ त्याला जितका कळतो, तितका शंभर शेऱ्यांनी कळत नाही. नंतर त्याला दुसरा खर्डा लिहायला सांगावे लागत नाही, तो वही परत मागतो.

प्रश्न : माझा मुलगा सहावीत आहे. त्याला सांगायचे पुष्कळ असते, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या इतक्या चुका होतात की, त्याचे लेखन कच्चे आहे असेच शिक्षक म्हणतात. त्याच्याकडून व्याकरणाचा रोज एक पाठ करून घ्यावा काय?

तुमच्या प्रश्नात तीन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या आहेत : लेखन, व्याकरण आणि शुद्धलेखन. ज्याला सांगायचे पुष्कळ असते, त्याचे लेखन कच्चे नाही. त्याचे शुद्धलेखन कच्चे आहे, आणि त्यावर उपाय करता येतो.

व्याकरणाच्या व्याख्या पाठ करून लेखन सुधारते, हा समज फार जुना आहे. रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये तोवरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा लेखनापासून तोडून शिकवलेल्या औपचारिक व्याकरणाचा लेखनावर नगण्य परिणाम होतो, असा निष्कर्ष त्यांनी काढला. २००७ मध्ये स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांनी अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून पाहिले, तेव्हाही अशा शिकवण्याचा उपयोग दिसला नाही. वाक्ये जोडण्याचा सराव, नियोजनाच्या आणि पुनर्लेखनाच्या युक्त्या थेट शिकवणे यांचा मात्र चांगला उपयोग दिसला. व्याकरण निरुपयोगी आहे, असा याचा अर्थ नाही. भाषेची रचना समजणे हा स्वतंत्र आनंद आहे आणि तो मुलांना मिळायलाच हवा. फक्त त्याने निबंध सुधारेल अशी आशा धरू नये.

वाक्ये जोडण्याचा सराव घरीही करता येतो. मुलाला तीन छोटी वाक्ये द्यावीत : ‘पूर आला. पूल वाहून गेला. शाळा बंद राहिली.’ यांचे एक वाक्य करायचे, तेही निरनिराळ्या प्रकारे. एक मूल लिहील : ‘पुरात पूल वाहून गेल्यामुळे शाळा बंद राहिली.’ दुसरे लिहील : ‘शाळा बंद राहिली ती पुरामुळे नव्हे, पूल वाहून गेल्यामुळे.’ घटना त्याच आहेत, पण दुसऱ्या वाक्यात पुलाकडे बोट दाखवले आहे. हा फरक मुलाने स्वतः बोलून दाखवला की, व्याकरण त्याच्या हातात आले असे समजावे, मग त्याला ‘मिश्र वाक्य’ हे नाव सांगता येवो वा न येवो.

ऱ्हस्व-दीर्घासाठी सगळे नियम एकदम हाती घेऊ नयेत. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ मध्ये मान्य झालेले १४ आणि १९७२ मध्ये भर पडलेले ४, असे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत, आणि त्यांतले चार-पाच पक्के झाले तर रोजच्या लेखनातल्या बहुतेक चुका जातात. महिन्याला एकच नियम घ्यावा. उदाहरणार्थ, मूल, फूल, गरीब, जमीन या शब्दांतला दीर्घ स्वर पुढे प्रत्यय लागताच ऱ्हस्व होतो : मुलाला, फुलाचा, गरिबाने, जमिनीवर. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द मात्र बदलत नाहीत : शरीराला, गीताचा. महिनाभर मुलाच्या लेखनात फक्त हीच चूक पाहावी आणि बाकीच्यांकडे निश्चयाने दुर्लक्ष करावे. हे पालकांना जड जाते याची मला कल्पना आहे. चूक दाखवताना शब्द दुरुस्त करून देऊ नये. ओळीच्या टोकाला फक्त एक टिंब द्यावे आणि त्या ओळीतली चूक त्याची त्याने शोधावी. आणि हे सारे दुसऱ्या खर्ड्यावर करावे. पहिला खर्डा लिहिताना प्रत्येक वेलांटीशी थबकणारे मूल ज्या शब्दाची खात्री नाही तो शब्दच टाळू लागते, आणि मग त्याचे पुष्कळ सांगायचे थोडके होत जाते.

प्रश्न : मी नोकरी करणारा तरुण आहे. रोज डायरी लिहिली तर लेखन सुधारते, असे अनेक जण सांगतात. हे खरे आहे काय?

डायरीने हात सैल होतो, कोऱ्या पानाची भीती जाते आणि दिवसाकडे नीट पाहण्याची सवय लागते. यासाठी ती जरूर लिहावी. पण दुसऱ्याला समजेल असे लिहिणे डायरीने येत नाही, कारण तिचा वाचक आपणच असतो. एलिझाबेथ न्यूटन यांनी १९९० मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एक प्रयोग केला होता. काहींनी ओळखीच्या गाण्यांची लय टेबलावर बोटांनी वाजवायची आणि इतरांनी गाणे ओळखायचे. निम्मी गाणी ओळखली जातील असे वाजवणाऱ्यांना वाटत होते; प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या कानात पूर्ण गाणे चालू असते, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. लिहिणाऱ्याचेही तसेच आहे. आठवड्यातून एकदा डायरीतले एक पान निवडून ते अनोळखी माणसाला कळेल असे पुन्हा लिहावे, आणि एखाद्या मित्राला वाचायला देऊन ‘तुला काय कळले?’ एवढेच विचारावे. ‘आवडले का?’ असे विचारू नये, त्याचे उत्तर ठरलेले असते.

प्रश्न : मी अभियंता आहे. माझे तांत्रिक काम चांगले समजले जाते, पण माझे अहवाल ‘मुद्द्यावर या’ असा शेरा मारून परत येतात. छोटी वाक्ये लिहून पाहिली, तरी शेरा तोच. काय करावे?

वाक्याची लांबी हा या दुखण्याचा उगम नव्हे, त्यामुळे वाक्ये तोडून ते बरे होणार नाही. कार्यालयांतून रोज लिहिले जाते असे एक वाक्य पाहू :

‘सदर यंत्राच्या दुरुस्तीबाबत संबंधितांशी वेळोवेळी करण्यात आलेल्या पत्रव्यवहाराच्या अनुषंगाने, तसेच दरम्यानच्या काळात उद्भवलेल्या तांत्रिक अडचणी विचारात घेता, दुरुस्तीचे काम नियोजित कालावधीत पूर्ण होऊ शकले नसल्याने उत्पादनावर परिणाम होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

हे वाचून वरिष्ठाने काय करायचे? दुरुस्ती कधी व्हायची होती, ती का अडली, उत्पादन किती घटणार, आणि त्यांच्याकडून काय हवे आहे, यांपैकी एकही गोष्ट वाक्यात नाही. आता हाच मजकूर असा लिहिता येतो :

‘यंत्राची दुरुस्ती १० तारखेला पूर्ण व्हायची होती. एक सुटा भाग न आल्यामुळे ती झालेली नाही, आणि हा भाग २५ तारखेला देऊ असे पुरवठादाराने कळवले आहे. तोपर्यंत थांबल्यास या महिन्याच्या उत्पादनात साधारण एक पंचमांश घट येईल. दुसऱ्या पुरवठादाराकडे हा भाग तयार आहे. तो त्याच्याकडून घेण्यास आपली मंजुरी १४ तारखेपर्यंत मिळावी, ही विनंती.’

दुसरा मजकूर सोपा आहे म्हणून चांगला, असे वरवर वाटेल. पण तो लिहिण्यासाठी लिहिणाऱ्याला आधी उठून चौकशी करावी लागली : भाग कधी येणार, घट किती, दुसरा पुरवठादार आहे काय. ‘शक्यता नाकारता येत नाही’ या शब्दांखाली ही सगळी न केलेली चौकशी झाकली गेली होती. माझ्या पाहण्यात आलेल्या मोघम अहवालांपैकी बहुतेकांचे कारण भाषा कच्ची असणे हे नव्हतेच. लिहिणाऱ्याचे स्वतःचे अजून ठरलेले नव्हते, आणि ‘करण्यात येत आहे’, ‘विचाराधीन आहे’, ‘अनुषंगाने’ हे शब्द त्या अनिश्चिततेवर पांघरूण घालण्यासाठी तयारच होते. कर्ता महत्त्वाचा नसेल तेथे ‘करण्यात आले’ हा प्रयोग योग्यच आहे. पण जेथे ‘कोणी केले?’ हा प्रश्न वाचणाऱ्याला पडणार आहे, तेथे तो वापरल्यास अहवाल परत येणारच.

मराठीच्या रचनेमुळेही एक अडचण येते. आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. कर्ता पहिल्या ओळीत आणि क्रियापद पाचव्या ओळीत असेल, तर मधली सगळी विशेषणे, कारणे आणि अटी वाचणाऱ्याला हातात धरून ठेवाव्या लागतात, आणि काम झाले की नाही झाले हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. लांब वाक्य वर्ज्य नाही. फक्त कर्ता आणि क्रियापद जवळ आणावेत, कारण आणि अटी त्यांच्यानंतर ‘कारण’, ‘मात्र’, ‘तर’ असे दुवे देऊन जोडाव्यात. मग चार ओळींचे वाक्यही दमछाक न होता वाचता येते.

मुख्य मुद्दा तळाशी गेला की काय होऊ शकते, याचे एक दुःखद उदाहरण तुमच्याच क्षेत्रातले आहे. कोलंबिया हे अमेरिकी अंतराळयान १ फेब्रुवारी २००३ रोजी परतीच्या वाटेवर नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. उड्डाणाच्या वेळी फोमचा एक तुकडा सुटून पंखावर आदळला होता. यान अवकाशात असतानाच या आघाताचा अभ्यास झाला आणि तो अधिकाऱ्यांपुढे स्लाइडच्या रूपाने मांडला गेला. चौकशी मंडळाने ऑगस्ट २००३ मधील अहवालात त्यांतल्या एका स्लाइडची स्वतंत्र चर्चा केली आहे. तिचा मथळा दिलासा देणारा होता. आदळलेला तुकडा आधीच्या चाचण्यांत वापरलेल्या तुकड्यापेक्षा आकारमानाने ६०० पटींहून मोठा आहे, म्हणजे त्या चाचण्यांवरून काही अनुमान काढणेच धोक्याचे आहे, ही गोष्ट मात्र तळाशी, लहान अक्षरांतील उपमुद्द्यात होती. ती स्लाइड वाचून जीवघेणा धोका समोर आहे हे एखाद्या वरिष्ठाच्या लक्षात आले नाही तर नवल नाही, असे मंडळाने नोंदवले. अपघाताची कारणे अनेक होती आणि सगळा दोष एका स्लाइडवर टाकणे अन्यायाचे होईल. पण ज्यांना माहिती होती त्यांनी ती लिहिली होती, आणि तरीही ती पोहोचली नाही, ही गोष्ट अहवाल लिहिणाऱ्या प्रत्येकाने मनात ठेवण्यासारखी आहे.

तेव्हा अहवाल लिहायला बसण्यापूर्वी एका चिठ्ठीवर एकच वाक्य लिहावे : ‘हे वाचून अमुक व्यक्तीने अमुक करावे.’ ते वाक्य लिहिता आले नाही, तर अहवाल लिहिण्याची वेळ अजून आलेली नाही. मग हवा तसा पहिला खर्डा लिहावा. त्यात पार्श्वभूमी आधी येते, मुद्दा शेवटी येतो, आणि ते स्वाभाविक आहे, कारण आपण लिहितालिहिता मुद्द्यापर्यंत पोहोचत असतो. दुसऱ्या खर्ड्यात तो शेवटचा परिच्छेद उचलून पहिला करावा. पुष्कळदा एवढ्या एका बदलाने ‘मुद्द्यावर या’ हा शेरा थांबतो.

प्रश्न : माझ्या हाताखाली पाच जण काम करतात. प्रत्येकाचा मसुदा मलाच पुन्हा लिहावा लागतो. दोन वर्षे झाली, त्यांच्यात सुधारणा नाही. त्यांना प्रशिक्षणाला पाठवावे काय?

पाठवावे, पण आधी स्वतःची पद्धत बदलून पाहावी. तुम्ही मसुदा लिहून देता, म्हणून त्यांना लिहावा लागत नाही. शिवाय तुमची दुरुस्ती पाहून काय बदलले ते त्यांना दिसते, का बदलले ते दिसत नाही. त्यामुळे ‘साहेबांना हा शब्द आवडत नाही’ एवढाच धडा ते घेतात. वर आजीच्या निबंधाविषयी जे म्हटले आहे ते येथेही लागू आहे : दुरुस्ती करू नये, प्रश्न विचारावा. ‘हे कोणासाठी?’, ‘याचा आकडा कुठे आहे?’, ‘आपली शिफारस नेमकी कोणती?’ असे दोन-तीन प्रश्न लिहून मसुदा परत करावा. पहिले काही महिने यात अधिक वेळ जाईल, आणि तातडीच्या कामात तुम्हालाच लिहावे लागेल. ते तसे लिहावे, पण नंतर दहा मिनिटे बसून दोन्ही मसुदे शेजारी ठेवून कारणे सांगावीत.

याहूनही उपयोगाची गोष्ट लिहिण्यापूर्वीची आहे. काम सोपवताना पाच मिनिटे बोलावे : हा अहवाल कोण वाचणार आहे, त्यांना आधीपासून काय माहीत आहे, त्यांना कशाची चिंता आहे. वरिष्ठांच्या बैठकीत तुम्ही बसता, ते बसत नाहीत. वाचणारा माणूस त्यांनी कधी पाहिलेलाच नसतो, आणि न पाहिलेल्या माणसाला पत्र लिहिणारा प्रत्येक जण ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ असेच लिहू लागतो. जमल्यास त्या बैठकीला आळीपाळीने एकेकाला सोबत न्यावे.

प्रश्न : मी महाविद्यालयात शिकवते. आता विद्यार्थी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून निबंध लिहून आणतात. ते ओळखावेत कसे, आणि लेखन शिकवण्यात आता काही अर्थ उरला आहे काय?

ओळखण्याच्या साधनांवर विसंबू नये. ओपनएआय या कंपनीने स्वतःच काढलेले असे साधन पुरेसे अचूक नसल्याच्या कारणावरून जुलै २०२३ मध्ये मागे घेतले. प्रामाणिक विद्यार्थ्यावर खोटा आळ आला, तर तो पुन्हा तुमच्यापुढे मन उघडे करून लिहिणार नाही, आणि ते नुकसान चोरीच्या निबंधापेक्षा मोठे आहे.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नामागची व्यथा मला समजते. पण निबंध हा आपल्याला कधीच हवा नव्हता. तो लिहिताना विद्यार्थ्याच्या मनात जी उलथापालथ होते ती हवी होती. आपण मात्र वर्षानुवर्षे पूर्ण झालेला निबंधच मागत आणि मोजत आलो, आणि नेमकी तीच वस्तू आता यंत्र तयार करून देते. तेव्हा मागणीच बदलावी. विद्यार्थी यंत्र वापरणारच असतील, तर त्याला लेखक न करता वाचक करायला त्यांना शिकवावे : आपला परिच्छेद त्याला देऊन ‘यातून तुला काय समजले आणि कोठे शंका आली?’ असे विचारावे, आणि दुरुस्ती आपल्या हाताने करावी.

वर्गात हे असे करता येईल. पहिल्या तासाला विषय देऊन वीस मिनिटे हाताने लिहून घ्यावे आणि ते कागद स्वतःपाशी ठेवावेत. दुसऱ्या तासाला ते परत देऊन प्रत्येकाने शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. घरून दुसरा खर्डा आणताना पहिला त्याला जोडलेला असावा, आणि गुण या दोहोंमधल्या प्रवासाला द्यावेत. मग प्रत्येकाला दोन मिनिटे बोलावून दोन्ही कागद समोर ठेवावेत, पहिल्यातल्या एखाद्या वाक्यावर बोट ठेवावे आणि विचारावे : ‘हे वाक्य का काढले?’ ज्याने ते स्वतः काढले असेल तो सांगू लागतो, आणि सांगता सांगता कधी कधी ते परत घालायचे ठरवतो. ज्याला सांगता येणार नाही त्याला काही बोलू नये. पहिला कागद त्याच्या हाती द्यावा आणि दुसरा खर्डा आणण्यासाठी आणखी एक आठवडा द्यावा.